मदत हवी आहे: पॉवरस्लाइड होते, ड्रिफ्ट टिकत नाही

गाडी माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, 1.6 इंजिन, रिअर व्हील ड्राइव्ह, डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा भाग) ओपन, म्हणजे लॉक न होणारा. बंद ट्रॅक, ओलं डांबर, दुसरा गिअर.

वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की मागचा भाग सुटतो, पण तेवढ्यापुरताच. ही नुसती पॉवरस्लाइड. हँडब्रेकने मागची चाकं लॉक केली तर गाडी फिरते, पण वेग मरतो (ते फ्रंट व्हील ड्राइव्हमध्येही जमतं). ड्रिफ्टमध्ये स्लाइड वळणाआधीच सुरू होऊन उलट स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटरवर पुढच्या वळणापर्यंत टिकायला हवी. क्लच किकने (क्लच क्षणभर दाबून झटक्यात सोडून) 5500 आरपीएमला एंट्री नीट मिळते. मधेच आतलं हलकं झालेलं चाक एकटंच फिरतं, बाहेरच्याला जोर पोचत नाही. ॲक्सिलरेटर सोडला की मागची पकड एकदम परत येते आणि गाडी उलट्या बाजूला फेकली जाते.

टू-वे एलएसडी (एकच चाक मोकळं फिरू न देणारा लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल) घ्यावा की 1.5-वे? टू-वे ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तेवढाच लॉक होतो, 1.5-वे तेव्हा कमी, म्हणून कल तिकडे आहे. डिफ वेल्ड करणं स्वस्त, पण हाफशाफ्टवर (डिफपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर) ताण येतो. तोवर मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) काढून आतल्या चाकाची पकड वाढेल का? मागच्या टायरमध्ये हवेचा दाब सध्या 32 पीएसआय आहे. टाय रॉड स्पेसर (पुढची चाकं जास्त वळावीत म्हणून स्टिअरिंगच्या दांड्यात बसवतात ते) कुणी वापरलेत? फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, टायर कुठे घासतो?