फर्मेंटेशनच्या फ्रिजमध्ये बियर तापतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहतो. गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजला तापमान नियंत्रक लावून त्यात घरची बियर आंबवतो. परवा 19 लिटर पेल एल प्रकारच्या बियरमध्ये यीस्ट घातलं. नियंत्रक 18 अंश सेल्सिअसवर ठेवलाय. बाहेर कडक उन्हाळा, दुपारी गॅरेजचं तापमान 38च्या पुढे जातं.

अडचण अशी की सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळतो. हवा 18 दाखवते, पण बियरच्या बादलीला चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवर 22-23. यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं हे माहीत होतं, तरी एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. मागची खेप अशीच तापली आणि तिला थिनरसारखा उग्र वास आला. सगळी ओतून दिली, फार जिवावर आलं. ही खेप वाचवायची आहे.

सेन्सर बादलीला बाहेरून चिकटवून वर फोम बांधू, की झाकणातून थर्मोवेल (सेन्सर आत ठेवायची बंद टोकाची नळी) घालून द्रवाच्या मधोमध सोडू? द्रव हळू थंड होतो, त्यामुळे फ्रिज जास्त वेळ चालून नंतर तापमान 16च्या खाली घसरेल आणि यीस्ट झोपेल, ही भीती आहे. सध्या नियंत्रकावर फरक (ठरवलेल्या तापमानाच्या किती वर गेल्यावर फ्रिज सुरू व्हावा तो) 0.5 अंश आणि कंप्रेसरला 5 मिनिटांची विश्रांती ठेवली आहे. कंप्रेसर जुना आहे, त्यालाही जपायचंय. आत छोटा पंखा लावून उपयोग होतो का?

कोणी स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया आकड्यांसकट सांगा. तोवर नियंत्रक 15वर आणतोय.