तोरेमोलिनोसला चाललोय, हॉटेलच्या बफेबाहेर खरं लोकल काय आणि कुठे खायचं?

म्हापशेकार
नमस्कार मंडळी. मे अखेरीस आम्ही चौघं स्पेनला जातोय, मी, बायको, आई आणि चिरंजीव. टूरवाल्याने मालागाजवळ तोरेमोलिनोसला हॉटेल दिलंय, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचा बफे धरून, दुपारचं आपलं आपण बघायचं. आता नेटवर फोटो बघत बसलोय तर समुद्रासमोर सगळं इंग्लिश ब्रेकफास्ट, बर्गर, आयरिश पब आणि दर दोन दुकानांआड पिवळ्याधम्मक पाएयाच्या (तिकडचा कढईतला भात) फोटोचे बोर्ड. म्हणजे हे आपलं कळंगुट-बागाच झालं की, आपण म्हापशातले कोण कधी बागाच्या शॅकवर जेवायला जातो, पाहुणे आले तर गोष्ट वेगळी. तिथे राहणारा माणूस दुपारी काय खातो ते मला खायचंय. बजेट मध्यम, स्टार-बिर वाली हॉटेलं नकोत. मासे सगळ्यांना प्रिय, पण आई सोमवार आणि गुरुवारी शाकाहारी, एरवी मासे-चिकन चालतं, पोर्क-बीफ अजिबात नाही. पोरगा काहीही खातो. स्पॅनिशमध्ये ओला आणि ग्रासियास एवढंच येतं. कोणी राहून आलंय का?

तारवटी
पात्रांव, मी क्रूझच्या किचनमध्ये होतो, मालागा पोर्टला आमचं जहाज बरेचदा लागायचं, सुट्टी मिळाली की आम्ही गोंयकार पोरं मासे खायला बाहेर. पहिली गोष्ट, पाएयाचा नाद सोड. पाएया वालेन्सियाची, मूळच्या पाएयात चिकन, ससा आणि शेंगा असतात, मासळीचा पत्ताच नसतो, आणि चांगली भाताची कढई ऑर्डर दिल्यावर बनते, निदान दोघांसाठी, दुपारी. फोटोवाला बोर्ड दिसला आणि दहा मिनिटांत प्लेट समोर आली तर समज फ्रीझरमधून मायक्रोवेव्हमध्ये गेलेली. आमच्या पोरांनी एकदा बीचवर एका ठिकाणी असली खाल्ली, वरून गरम आणि मध्ये कोळंबी थंडगार.

तिकडची खरी वस्तू म्हणजे तारले. एस्पेतो म्हणतात. किनाऱ्यावरच्या शॅकला तिथे चिरिंगितो म्हणतात, त्याच्या पुढ्यात एक जुनी होडी वाळूने भरून ठेवलेली असते, त्यात ऑलिव्हच्या लाकडाचा जाळ. पाच-सहा तारले एका चिरलेल्या वेताच्या काडीवर ओवतात (हल्ली बरेच जण स्टीलची सळी वापरतात), काडी पाठीच्या काट्याखालून घालतात म्हणजे मासा भाजताना सुटून पडत नाही, आणि मग ती जाळाच्या बाजूला वाळूत तिरकी खोचतात, जाळावर आडवी नाही, वारा कुठून येतोय ते बघून. वरून जाड मीठ. बस. मसाला नाही, रवा नाही, पोटसुद्धा काढत नाहीत, तुझी आई ते बघून नाक मुरडेल पण खाऊन बघायला सांग. मे ते ऑगस्ट तारल्यांना चरबी चढते, तू अगदी वेळेवर चाललायस. आणि हाताने खायचे. तिकडे एक गोष्ट सांगतात की 1884 च्या डिसेंबरात त्या भागात मोठा भूकंप झाला, त्यानंतर राजा बारावा आल्फोन्सो पाहणीला आला, मालागात त्याच्यापुढे हे तारले ठेवले तर तो काटा-सुरी घेऊन बसला, तेव्हा भाजणाऱ्याने राजालाच सांगितलं, असे नाही महाराज, बोटांनी. खरं खोटं देव जाणे, मला आवडते.

तोरेमोलिनोसमध्ये यासाठी ला कारिउएला. जुना मासेमारांचा वाडा, बुटकी पांढरी घरं, समुद्राकडे तोंड करून उजव्या हाताला चालत राहिलास की लागतो. टूरिस्ट तिथेही भरपूर, पण रविवारी दुपारी मालागाची कुटुंबं आजी-नातवंडांसकट ट्रेनने येऊन जेवतात, त्यांच्या शेजारचं टेबल धर. टायमिंग महत्त्वाचं, दुपारी दोन ते चार. साडेबाराला जेवायला बसलेला माणूस शंभर टक्के आपल्यासारखा बाहेरचा.

अजून काय मागवायचं, बोकेरोनेस म्हणजे आपल्या मांदेलीच्या जातकुळीतला बारीक मासा, पिठात घोळवून कुरकुरीत, शेपटीला धरून अख्खा तोंडात. कोकिनास म्हणजे नखाएवढ्या तिसऱ्या, लसूण आणि ऑलिव्ह तेलात. छोटी माणकी तळलेली. फुल प्लेटला रासिओन म्हणतात, हाफला मेदिया रासिओन, चौघांत चार हाफ घ्या म्हणजे सगळं चाखता येतं. रोसादा नावाचा तळलेला मासा सगळ्या मेनूवर दिसेल, चवीला छान, बिनकाट्याचा, पोरांना आवडतो, पण तो मासा दक्षिण गोलार्धातल्या समुद्रातला, फ्रोझन येतो, तेव्हा लोकल म्हणून त्याचे जास्त पैसे मोजू नकोस. आणि अख्खा मोठा मासा किलोवर लावतात, मेनूत दराच्या जागी S/M सारखं काहीतरी असतं म्हणजे बाजारभाव, तिथे आधी वजन आणि दर कागदावर लिहून घे.

फोंड्याची_वैनी
तारवटी दादांनी माशांचं सगळं सांगितलंय, मी आईंच्या दोन दिवसांचं सांगते कारण माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही मालागाला होतो आणि शाकाहारी म्हटलं की तिथे खरी परीक्षा. भाज्यांचं सॅलड मागवलं तरी वर डब्यातला टूना येतो, त्यांच्या हिशेबात ते व्हेजच. भाजीत, डाळीत, सुपात हॅमचे बारीक तुकडे असतात. म्हणून दोन वाक्यं पाठ करून ठेवा, "सिन हामोन" आणि "सिन आतून", हॅम नको आणि टूना नको. सकाळी ब्रेडवर लावायला केशरी रंगाचं काहीतरी ठेवलेलं असतं, ते लोणी नव्हे हो, डुकराची चरबी असते, आईंच्या हातात जाऊ देऊ नका.

आता चांगली बातमी. वांग्याचे काप तळून त्यावर उसाची काकवी घालून देतात, बेरेनखेनास कोन मिएल दे कान्या. मेनूवर इंग्लिशमध्ये हनी लिहितात पण चव घेतली की कळतं काकवीच ती. मालागाच्या पूर्वेला फ्रिखिलियाना म्हणून डोंगरातलं गाव आहे, तिथल्या जुन्या कारखान्यात अजून ही काकवी बनते. सासूबाईंनी एका बैठकीत दोन प्लेटा संपवल्या आणि वर म्हणाल्या काप अजून पातळ हवे होते. दुसरं आखोब्लांको, बदाम, लसूण, शिळा पाव, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर वाटून केलेलं पांढरं थंड सार, वर द्राक्षं. उन्हात फार बरं वाटतं पण कच्च्या लसणाचं आहे हे आधी सांगून ठेवा. पोर्रा म्हणून टोमॅटोचं दाट सार मिळतं, त्यावर मात्र उकडलेलं अंडं आणि हॅम-टूना टाकतात, ते न घालता मागायचं.

आणि एक दिवस तरी हॉटेलचा नाश्ता सोडा बघू, पैसे भरलेत म्हणून जीव अडकवू नका. कोपऱ्यावरच्या कुठल्याही बारमध्ये जा, बार म्हणजे दारूचाच अड्डा नव्हे, सकाळी आज्या कॉफी पीत बसलेल्या असतात. पितुफो म्हणजे छोटा पाव, भाजून त्यावर किसलेला टोमॅटो आणि तेल. कॉफीतलं दुधाचं प्रमाण मालागात नावाने सांगतात, अर्धी-अर्धी हवी तर मिताद, दूध जास्त हवं तर सोंब्रा, नुसती रंगापुरती कॉफी हवी तर नुबे.

कळंगुटचो_पोर
मी कळंगुटचा. रागाने नाही लिहीत पण हे "बागाच झालं की" वाचून जरा खटकलं. आमच्या वाड्यात पण लोक राहतात हो, मेन रोडपासून दोन वळणं आत या, दुपारी शीत-हुमण आणि तळलेला बांगडा मिळतो की नाही बघा. बीचवरून बघून गाव ठरवायचं म्हणजे काय.

तिकडेही तेच. तोरेमोलिनोसमध्ये 1959 ला पेस एस्पादा नावाचं मोठं हॉटेल उघडलं तेव्हापासून गाव टूरिझमवर जगतंय, आता त्या घरांतली तिसरी पिढी वेटर, शेफ, टॅक्सीवाली आहे. ही माणसं कुठे जेवतात ते बघायचं असेल तर समुद्राकडे पाठ करून वर एल काल्वारिओ वस्तीकडे चाला. सोमवार ते शुक्रवार दुपारी दारात खडूने पाटीवर मेनू देल दिया लिहिलेला असतो, एक पहिली डिश, एक दुसरी, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या दरात. मसूर, चणे, बटाट्याचं कालवण, तळलेला मासा, असलं घरगुती. फोटो काढण्यासारखं काही नसतं. आणि गंमत म्हणजे हा प्रकारही टूरिझममधूनच आला, 1960 च्या दशकात तिथल्या सरकारने हॉटेलवाल्यांना टूरिस्टांसाठी ठरावीक दराचं जेवण ठेवायला लावलं, आणि पुढे ते रोज कामावर जाणाऱ्यांचं जेवण होऊन बसलं. त्यामुळे टूरिस्टांपासून अस्पर्श असं काही शोधायला गेलात तर उपाशी राहाल.

म्हापशेकार
देव बरें करूं सगळ्यांना, बायकोने सगळं वहीत उतरवून घेतलं. कळंगुटच्या भाऊ, पत्ता पाठवा, येत्या रविवारीच येतो जेवायला. दोन शंका. मालागाचं मासळी मार्केट बघायचंय, तोरेमोलिनोसहून सोपं पडतं का? आणि आईचा सोमवार तिथे फार जड जाईल का?

तारवटी
मार्केट एकदम सोपं. तोरेमोलिनोसच्या मध्यातूनच लोकल ट्रेन आहे, सी-1 लाइन, साधारण वीस-वीस मिनिटांनी, एअरपोर्टवरून येताना पण तीच धर, टॅक्सी कशाला. मालागाकडे शेवटचं स्टेशन आलामेदा, तिथून चालत आतारासानास मार्केट. पुढचा दरवाजा मूर लोकांच्या म्हणजे तिथल्या जुन्या मुस्लिम राजवटीच्या काळातला, संगमरवरी कमान, मागे रंगीत काचांची मोठी खिडकी. सकाळी दहा-अकराला जा, दुपारी आवरतात, रविवारी बंद. मासळीच्या बाजूला बर्फावर पाट्या लावलेल्या असतात, मासा कुठल्या समुद्रातला आणि कसा पकडलेला तेसुद्धा लिहितात, आपल्याकडे कोणी विचारलं तर बाय कोयता दाखवेल. आतच एक-दोन काउंटर आहेत, उभ्याने तळलेली मासळी खा.

सोमवारचं टेन्शन घेऊ नको. तिकडचे लोकपण सोमवारी मासे टाळतात, वीकएंडला बहुतेक होड्या बाहेर पडत नाहीत म्हणून. तेव्हा त्या दिवशी अख्ख्या घराने आईबरोबर वांगी-काकवी खायची, मार्केट मंगळवारनंतर.

फोंड्याची_वैनी
अजून एक राहिलं. जेवण झाल्यावर वेटर बिल घेऊन येत नाही, त्यांच्यात ते उठा म्हटल्यासारखं होतं. आमचे हे अर्धा तास चुळबुळ करत बसले, आपल्याकडे कोणी बघतच नाही म्हणून. हात वर करून "ला क्वेन्ता, पोर फावोर" म्हणायचं. टिपची सक्ती नाही, सुटे ठेवले तरी चालतात.