छातीत ‘दुखणं’, ‘दडपण’ की ‘शूल’?

प्रश्न : आरोग्यविषयक माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. ‘उरोस्थीमागील वेदना’ लोकांना कळेल का? ‘हृदयशूल’ चालेल?

– ‘उरोस्थी’ पाठ्यपुस्तकात ठीक. पत्रकात ‘छातीच्या मधल्या हाडामागे’ लिहा. खरी अडचण ‘वेदना’ या शब्दाची आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं तेव्हा पुष्कळांना दुखत असं नाहीच. छाती आवळल्यासारखी, जड, कोणी दाबून धरल्यासारखी वाटते. ‘छातीत दुखतं का?’ विचारलं की असा माणूस खरेपणाने ‘नाही’ म्हणतो, आणि तेव्हा त्याची मूठ छातीच्या मध्यावर असते! म्हणून ‘दडपण’, ‘आवळणं’, ‘छाती भरून येणं’ हे शब्द ‘दुखणं’च्या शेजारी, त्याच ओळीत हवेत.

‘हृदयशूल’ मला पटत नाही. शूल म्हटलं की टोचणारी कळ डोळ्यांपुढे येते. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये हृदयाला रक्त कमी पडण्याच्या या विकाराचं वर्णन करताना ‘अँजायना’ हे नाव दिलं. त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी गळा आवळणं, गुदमरणं आहे. चालताना किंवा जिना चढताना सुरू होणारं, थांबल्यावर काही मिनिटांत ओसरणारं हे दडपण त्यात नेमकं येतं.

– मग ‘जळजळ’ म्हटलं की पित्त धरायचं का?

– बहुतेकदा हो. जळजळ घशाकडे चढते, आडवं पडल्यावर वाढते, तोंडात आंबट पाणी येतं. पण अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते. तिला पेटका आला तर छाती तशीच आवळते आणि अँजायनासाठी जिभेखाली ठेवतात त्या गोळीनेही सुटू शकते. त्यामुळे ‘गोळीने थांबलं, म्हणजे हृदयाचंच’ असंही म्हणता येत नाही.

‘टोचतं’, ‘चमकतं’ हे शब्द वेगळे ठेवा. हृदयाच्या आवरणाला सूज आली की खोल श्वासाबरोबर चमक येते, उताणं झोपल्यावर वाढते, पुढे वाकून बसलं की उतरते. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, भित्तीचा पदर फाटला तर ‘फाडल्यासारखं’ आणि थेट पाठीत, तेही एकाएकी.

आणि ‘गॅस’ हा शब्द कृपया गाळू नका, लोक तोच वापरतात. मी असं लिहीन : ‘गॅस झालाय असं वाटलं, तरी छातीवर दडपण, घाम, धाप किंवा जबड्यात-हातात कळ असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठा. वयस्कर, मधुमेही आणि स्त्रियांमध्ये छातीत काहीच न होता नुसती धाप किंवा गळून गेल्यासारखंही वाटू शकतं.’