मदत हवी आहे: पाळी गेल्यावर बीपी वाढलं, गोळी मध्येच बंद केली. चुकलं का?

अबोली४९:

नमस्कार. मी ४९ वर्षांची, साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशवर बसते. शेवटची पाळी परवाच्या वर्षी गौरींच्या आधी आली. त्यानंतर एक डागही नाही.

दुपारी काउंटरला रांग असते, तेव्हाच नेमकं होतं. छातीच्या मधोमध भडका उठतो, मानेवरून कानांपर्यंत चढतो आणि दोन-तीन मिनिटांत पाठ घामाने ओली. परवा पन्नासच्या नोटांचं बंडल मोजत होते, तर बोटांच्या घामाने नोटा एकमेकींना चिकटायला लागल्या. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आकडा वेगळा. रांगेतल्या एका आजोबांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. कसंबसं रडू आवरलं.

दिवाळीनंतर डोकं जड वाटायचं म्हणून दवाखान्यात गेले, तर बीपी १६२/९८. आठवड्याने परत १५८/९६. दुसऱ्या बाळंतपणात शेवटच्या महिन्यात वाढलं होतं, पण नंतर आपोआप उतरलं, म्हणून मी ते विसरूनही गेले होते. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम दिली. घामाचं आणि झोपेचं सांगायला लागले तर म्हणाले, "वयाचं आहे ताई, होईल कमी." बाहेर पुढचे पेशंट ताटकळत होते, मग मीही उठले.

दहा-बारा दिवसांत घोटे सुजले. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतलेला असायचा. वाफाही दुप्पट झाल्यासारख्या वाटल्या. जाऊबाई म्हणाल्या, बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची, आत्ताच सोड. मी सोडली. त्याला आता तीन आठवडे झाले. घरी मशीन आणलंय. रात्री दोनला घामाने जाग येते तेव्हा लावते. एकाच रात्री १४८/९२, १७१/१०१ आणि १३९/८८ आलं. यातलं खरं कोणतं?

दुसरं औषध काही नाही. नवरात्राच्या उपासांत पित्त वाढलं, तेव्हापासून ज्येष्ठमधाची पूड दुधातून दोन वेळा, चमचा-चमचा. गुडघा दुखला की मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आठवड्यात चार-पाच दिवस.

माझ्या आईला ५८ व्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. तीही डोकं दुखेल तेव्हाच बीपीची गोळी घ्यायची. तिचा उजवा हात अजून नीट उचलत नाही, रोज मी तिची वेणी घालते. त्यामुळे गोळी घ्यायचीही भीती आणि न घ्यायचीही.

वाफा, बीपी आणि सूज हे सगळं पाळी गेल्यामुळेच आहे का? हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर बीपीही उतरेल का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

रानजाई:

अबोलीताई, मी ३१ वर्षं नर्स होते, आता निवृत्त आहे. उद्याच डॉक्टरांना फोन करा आणि गोळी बंद केल्याचं स्पष्ट सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. घोट्यांची सूज हा अ‍ॅम्लोडिपिनचा नेहमीचा त्रास आहे. चेहरा गरम होणंही त्या गोळीने होतं, म्हणून वाफा वाढल्यासारख्या वाटल्या असतील. त्यावर गोळी बदलून मिळते. पण आपल्या मनाने सोडायची नाही.

मला जास्त काळजी वाटली ती तुमच्या "दुसरं औषध काही नाही" या वाक्याची. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. डायक्लोफिनॅकही बीपी वाढवते, शिवाय मूत्रपिंडावर ताण टाकते. तुमचं ज्येष्ठमध नवरात्रात सुरू झालं आणि बीपी सापडलं दिवाळीनंतर. ज्येष्ठमध आजच थांबवा, आणि ही दोन्ही नावं कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.

पाळीचा संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनमुळे रक्तवाहिन्या सैल राहतात. ते कमी झालं की त्या ताठर होत जातात आणि खाल्लेलं मीठही जास्त बाधतं. त्यात आईचा इतिहास. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलेलं असतं त्यांना पुढे त्याचा धोका जास्त असतो, तेही डॉक्टरांना सांगा. मीठ सगळं मिळून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. लोणचं-पापड त्यातच धरायचं. सैंधवही मीठच आहे.

रात्री घामाने उठून लगेच मोजू नका. सकाळी लघवीला जाऊन या, चहाच्या आणि गोळीच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा. पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, संध्याकाळी पुन्हा तसंच. आठवडाभराचे सगळे आकडे वहीत लिहा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते वाढलेलं धरतात. आकडा १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखलं किंवा धाप लागली, किंवा कोणताही आकडा असताना तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वही बाजूला ठेवून थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

मैत्रेयी_लीड्स:

मी ५२ वर्षांची, हार्मोनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) लावून दोन वर्षं झाली. बीपीची गोळीही घेते. आधी बीपी आटोक्यात आणलं, मगच पॅच मिळाला. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की हार्मोन म्हणजे बीपीचं औषध नव्हे, ते वाफा, झोप, कोरडेपणा यांसाठी. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जातं आणि काहींचं बीपी त्याने वाढू शकतं. पॅच किंवा जेल त्वचेतून जातं, म्हणून बीपी असलेल्यांना तेच बरं समजतात. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी असं काही झालेलं असेल तर गणित वेगळं. तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळी वेळ घेऊन जा. आपल्याकडच्या बायकांची पाळी सरासरी ४६-४७ ला जाते, इथल्या, इंग्लंडमधल्या बायकांची ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्या वाट्याला ही वर्षं जास्तच येतात, ती "वयाचं आहे" म्हणून सोसत बसू नका.

अबोली४९:

रानजाईताई, मैत्रेयीताई, मनापासून आभार. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले, कागद दाखवला. या वेळी त्यांनी नीट ऐकून घेतलं. पोटॅशियम आणि मूत्रपिंडासाठीचं क्रिएटिनिन तपासलं, पोटॅशियम ३.३ म्हणजे कमी निघालं. ज्येष्ठमध बंद, डायक्लोफिनॅकही बंद, गुडघ्याला व्यायाम दिलेत. दहा दिवसांनी पुन्हा तपासणी केली, पोटॅशियम सुधारलं होतं. तरी वहीतली सरासरी १४४/९० होती, म्हणून टेल्मिसार्टन ४० ही बीपीची दुसरी गोळी सुरू केली. घोटे आता उतरलेत. वाफा मात्र आहेत तशाच. पुढच्या गुरुवारी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, पॅचचं विचारणार आहे.

आज सकाळचं रीडिंग १३२/८४. आईचंही मोजलं, १४६/८२. तिची गोळी आता माझ्याच डबीत ठेवली आहे, वेणी घालायच्या आधी देते.