'एक्सपॅट'ला मराठीत काय म्हणायचं?

नेदरलँड्सवर एक लेखमाला लिहिते आहे. चार वर्षं हेगमध्ये राहिले, तेव्हा याला प्रवासवर्णन म्हणावं की मुक्कामवर्णन, इथूनच सुरुवात होती. ते कसंबसं निभावलं. (डच मंडळी 'डेन हाग' म्हणतात. मराठीत सगळे 'हेग' का म्हणतात ते सांगायला नको.) अडलं ते 'एक्सपॅट'पाशी ('एक्सपॅट्रिएट'चं लघुरूप, म्हणजे नोकरीसाठी परदेशात राहणारा). संपादकांनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढून 'मराठी?' एवढंच लिहून पाठवलं आहे.

'परदेशस्थ' चालेल असं वाटलं होतं. पण तो बर्लिनच्या कबाबवाल्यालाही लागतो आणि त्याला कुणी एक्सपॅट म्हणत नाही. 'अनिवासी' हा बँकेच्या फॉर्मातला शब्द. माणूस कुठे राहत नाही तेवढं त्यातून कळतं. 'स्थलांतरित' म्हटलं की डोळ्यांपुढे फ्लेमिंगो येतात, नाहीतर ऊसतोड कामगार. व्युत्पत्तीला धरून चालावं तर 'एक्स' म्हणजे बाहेर, 'पात्रिया' म्हणजे पितृभूमी, आणि इंग्रजीत हे आधी क्रियापद होतं, अर्थ देशाबाहेर घालवून देणे. म्हणजे नेमकं मराठी 'देशोधडीला लावणे'. 'ॲम्स्टलव्हेनमध्ये देशोधडीला लागलेल्या आयटीवाल्यांची दिवाळी' हे छापायची माझी तयारी आहे. संपादकांची नसावी.

खरी अडचण ही की या शब्दात भूगोल कमी आणि पगारपत्रक जास्त आहे. २००४ पासून डच कायद्यात 'केनिसमिग्रांट' नावाचा वर्ग आहे, शब्दशः ज्ञान-स्थलांतरित. पगार ठरावीक आकड्याच्या वर गेला की माणूस ज्ञानी. तिशीच्या आतल्यांसाठी तो आकडा कमी ठेवलाय, म्हणजे तरुणपणी ज्ञान जरा स्वस्त पडतं. या मंडळींना आयकरातही मोठी सवलत मिळू शकते, 'तीस टक्केवाली' म्हणून ती ओळखली जाते. दुसरीकडे 'इनबुर्खरिंग' आहे. 'बुर्खर' म्हणजे नागरिक. बाहेरच्याला नागरिकांत मुरवायचं, कैरीला खारात मुरवतात तसं. भाषा शिका, समाजाची माहिती घ्या, परीक्षा द्या. निर्वासिताला याची सक्ती आहे, लग्न करून इथल्या घरात आलेल्या परदेशी बायकोला बहुतेक वेळा आहे, केनिसमिग्रांटला मात्र नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेने एक्सपॅट कोण, तर ज्याने मुरलंच पाहिजे असं नाही तो.

सरकारी आकडेवारीत आणखी एक शब्द होता, 'अलोख्टोन'. ग्रीकमधून घेतलेला, अर्थ 'दुसऱ्या मातीतला'. १९७१ मध्ये हिल्डा फेर्वे-योंकर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तो रुळवला, कारण आधीचे शब्द टोचतात असं वाटत होतं. पुढे तोच शिवीसारखा वापरला जाऊ लागला आणि २०१६ मध्ये सरकारी भाषेतून बाद झाला. त्याचेही दोन भाग होते, पाश्चात्त्य आणि बिगर-पाश्चात्त्य. यात जपान आणि इंडोनेशिया 'पाश्चात्त्य'! भारत अर्थातच दुसऱ्या खणात. म्हणजे त्या काळात तीच मराठी बाई कॉफीच्या टेबलावर एक्सपॅट आणि तक्त्यात बिगर-पाश्चात्त्य अलोख्टोन.

हेगमध्ये सुरिनामी हिंदुस्तानी लोकांची रोटीची दुकानं आहेत. त्यांचे पूर्वज कोलकात्याहून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत मजूर म्हणून गेले, पहिलं जहाज 'लल्ला रूख' १८७३ मध्ये तिथल्या पारामारिबोला लागलं. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमाराला त्यांच्यातले हजारो लोक इकडे आले. अशाच एका दुकानदाराने मला विचारलं, एक्सपॅट का? मी म्हटलं, तुमच्यासारखीच, हिंदुस्थानातली. तो म्हणाला, नाही, आमचे पणजोबा 'कंत्राकी' होते, आणि मी इथलाच. कंत्राकी म्हणजे करारावर आणलेला मजूर. माझ्या पिशवीत तेव्हा वर्षभराच्या नोकरीचा करार होता, घरमालकाला दाखवायला नेत होते. कंत्राटी कोण, हे त्याला विचारायचं धाडस झालं नाही.

तर, सुचवा.

चिपळूणहून

ताई, शब्द तयार आहे: चाकरमानी. नोकरी मुंबईत, घर कोकणात, गणपतीला नि शिमग्याला हजर. मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी 'गाव कुठलं?' म्हटल्यावर तो परळ सांगत नाही. तुमच्या त्या अलोख्टोनवरून आठवलं, २०२५ च्या गणपतीआधी आपल्याकडेही 'चाकरमानी' नको, 'कोकणवासी' म्हणा, असं राज्य सरकारने ठरवलं होतं. चाकर शब्दात कमीपणा वाटतो म्हणे. आमच्या आळीत अजून तरी चाकरमानीच येतात.

आयंडहोवनहून

मला एक्सपॅट म्हणू नका आणि चाकरमानीही नको. आम्ही इथे घर घेतलंय, मुलं डच शाळेत आहेत. लेखात एक भर घाला: या शब्दाला मुदत असते. तीस टक्क्यांची सवलत पाच वर्षांनी संपते आणि कायम वास्तव्याचा अर्जही साधारण पाच वर्षांनीच करता येतो. त्याला मात्र इनबुर्खरिंगची परीक्षा लागते. म्हणजे पाच वर्षं ज्ञानी म्हणून मिरवायचं आणि सहाव्या वर्षी, कर पुरता भरायला लागल्यावर, बरणीत उतरायचं. मी सध्या बरणीत आहे. डच नामाआधी 'डे' आणि 'हेट' या दोन उपपदांतलं कुठलं कधी लावायचं ते कुणाला कळलं असेल तर कळवा.

बाझेलहून

तुम्ही सगळे पुरुषांचे शब्द शोधताय. लहानाची मोठी एका घरी व्हायचं, मग दुसऱ्या घरी जाऊन तिथल्या पद्धतीने कचरा वेगळा करायचा, तिथल्या लोकांना आवडेल एवढ्याच आवाजात बोलायचं, आणि कितीही वर्षं झाली तरी 'आमच्याकडे असं करतात' हे ऐकून घ्यायचं, याला मराठीत शब्द आहे ना. सासुरवाशीण. नागपूरला तीन आठवडे सुट्टीला गेले की मी माहेरवाशीण. कुणी कामाला हात लावू देत नाही, निघताना बॅगेत चिवडा कोंबतात.

आता या स्विस गावाची गोष्ट. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द इथेच जन्मला. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने इथल्या विद्यापीठात प्रबंध लिहिला, घरापासून दूर राहणाऱ्यांच्या दुखण्यावर. परक्या राजांकडे पगारावर लढणारे स्विस शिपाई या दुखण्यासाठी पुढे प्रसिद्धच झाले. लोकांच्या तोंडी शब्द होता 'हाइमवे', घराचं दुखणं. होफरने ग्रीक जोडून रोगाचं भारदस्त नाव केलं. म्हणजे युरोपातले ते चाकरमानीच, फक्त हातात भाला. तेव्हा चिपळूणकरांचा शब्द मला मान्य, पण अर्धाच.

पुण्याहून

एक्सपॅट तसाच ठेवा. 'पगार' पोर्तुगीजांकडून घेतला तेव्हा कुणी गोल काढला होता?

मूळ लेखिका

पुणेकरांचा मुद्दा बरोबर, पण संपादक पुण्याचेच आहेत, त्यांना तुम्हीच सांगा.

चाकरमानी फार जवळ जातो, तरी एक गोष्ट खटकते. चाकरमानी हा वाट पाहणाऱ्यांचा शब्द आहे. मागे राहिलेलं गाव तो उच्चारतं. एक्सपॅट हा माणूस स्वतःच स्वतःला लावून घेतो, तेही नव्या गावात, बाजूच्या टेबलावरचा माणूस त्याच पंक्तीतला नाही हे सुचवायला. सासुरवाशीण याच्या उलट, तिला दोन्ही घरं नाव ठेवतात. त्यामुळे लेखात असं केलं: लोक स्वतःबद्दल बोलतात तिथे 'एक्सपॅट' तसाच राहू दिला. गणपतीची तिकिटं जानेवारीतच काढून ठेवणारे आले तिथे 'चाकरमानी' लिहिलं. आयंडहोवनच्या दादांसाठी 'मुरत घातलेले', त्यांची हरकत नसेल तर. बाझेलच्या ताईंचा परिच्छेद जवळजवळ आहे तसा उचलते आहे, परवानगी द्या.

एकच राहिलं. त्या ताई नोकरीही करतात आणि सासुरवाशीणही आहेत. चाकरमानीचं स्त्रीलिंग कोकणात काय करतात?

चिपळूणहून

आईला विचारून सांगतो. ती म्हणते, तेव्हा बायका गावातच असायच्या.