म्हाताऱ्या दिग्दर्शकाच्या सिनेमानं कधी रडवलंय काय?

बोळातला_बाळू
काल बोळात पोरं लपाछपी खेळत होती. राज्य आलेलं पोरगं भिंतीकडं तोंड करून ओरडलं, "येऊ काऽऽ?" कुठनं तरी आवाज, "अजून न्हाईऽऽ!" दुधाची पिशवी हातात घेऊन मी तसाच उभा. आबा आठवले.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा शेवटचा सिनेमा, 'मादादायो', १९९३ चा. म्हातारा तेव्हा ८३ वर्षांचा. नावाचा अर्थच 'अजून नाही'. नोकरी सोडलेल्या मास्तरांना जुने विद्यार्थी दरवर्षी मेजवानी देतात आणि विचारतात, झाली काय तयारी? वर जायची. मास्तर बिअरचा दांडगा ग्लास रिकामा करून ओरडतात, मादादायो!

आबापण मास्तरच. शेवटच्या पावसाळ्यात लॅपटॉपवर दाखवला, खालच्या ओळी मी मराठीत वाचून. चहाची बशी तोंडाजवळ नेलेली, तशीच राहिली, वर साय धरली. "मास्तर पितंय बघ," एवढंच म्हणाले. मग रोज सकाळी मी दारातनं विचारायचो, "आबा, तयारी?" पांघरुणातनं उत्तर यायचं. नाही आलं तर मी परत विचारायचो, जरा मोठ्यांदा.

तुमचंबी लिहा. दिग्दर्शक कुठला का असंना.

कुंभारगल्लीची_सून
त्यात मास्तरांचं मांजर हरवतं ना? मी तिथंच बंद केला. २०१९ च्या पुरात आमची चिंगी पत्र्यावर बसलेली, आम्ही बोटीत. हाका मारल्या, आली नाही. नवरा म्हणायचा, मांजरासाठी एवढं काय. त्याला तेवढा भाग दाखवला, मास्तर कसे खचतात तो. गप्प झाला. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

रंकाळा_रिटर्न
बिअर एका दमात? ह्या वयात? आमच्या तीर्थरूपांना पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी दिली तर डॉक्टर मलाच झापतात 😄

सुताराचा_नातू
लांब कशाला जाताय, आपले दिग्दर्शक भालजी पेंढारकर बघा. १९८१ ला 'गणिमी कावा' केला, ऐंशी ओलांडल्यावर. १९४८ च्या जाळपोळीत त्यांचा कोल्हापूरचा 'जयप्रभा' स्टुडिओ जळलेला, तो माणूस परत उभा राहिलेला. आमचे आजोबा तिथं सुतारकामाला. सिनेमा लागला की "त्यो दरवाजा माझा" म्हणून टीव्हीवर बोट ठेवायचे. काचेवर बोटाचा डाग. आजी पुसायची, हे परत ठेवायचे. मला सिनेमाची गोष्ट नीट सांगता येणार नाही, दरवाजा तेवढा आठवतो.

झोपाळू
खरं सांगू? 'मादादायो' बघताना मला झोप लागली. मारू नका.

बोळातला_बाळू
आबापण मधे घोरत होते की!

मावशी_मंगळवार_पेठ
सत्यजित रायचा 'आगंतुक', १९९१. शेवटचाच. त्याच्या दोन सिनेमे आधीचा 'गणशत्रू' डॉक्टरांनी घातलेल्या बंधनांमुळं स्टुडिओतच उरकलेला, हे कळल्यावर मला सिनेमापेक्षा त्या माणसाचंच वाईट वाटलं. 'आगंतुक'मधला मामा निघतो तेव्हा आमचा धाकटा दीर आठवला. तोपण असाच, पत्ता न देता. दीपावलीला एकदा आलेला, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. डबा अजून परत नाही.

रंकाळा_रिटर्न
मावशी, चटणी लसूण घालून का बिनलसणाची?

मावशी_मंगळवार_पेठ
बिनलसणाची चटणी असते होय रे?

बोळातला_बाळू
सूनबाई, कुकर झाला काय? सिनेमात पुढं दुसरं मांजर येतं, म्हणून विचारतोय.

कुंभारगल्लीची_सून
आमच्याकडंपण आलंय. पिवळा बोका, दिवसभर गाडीच्या सीटवर. नाव नाही ठेवलं अजून.