लिटल मॉर्टन हॉल, चेशर: घर इतकं वाकडं का, आणि तरी उभं कसं?

खंदकाकाठी
मँचेस्टरहून पुढच्या महिन्यात लिटल मॉर्टन हॉल हे जुनं लाकडी घर बघायला जायचा बेत आहे. फोटोंत खंदकाकडची बाजू पार लवंडलेली दिसते. खिडक्यांच्या ओळी लाटांसारख्या, एक खांब इकडे झुकलेला तर दुसरा तिकडे. हे सगळं एकाच वेळी बांधलं का? वाकडेपणा मुळातला की नंतर आला? आणि ते काळे-पांढरे पट्टे खरंच ट्यूडर काळातले (सोळाव्या शतकातले) आहेत का? जाणकारांनी सांगावं, म्हणजे तिथे गेल्यावर नेमकं काय बघायचं ते कळेल.

आढं_वासे
एकाच वेळी नाही. साधारण शंभर वर्षं काम चालू होतं आणि मॉर्टन घराण्याच्या पिढ्यांनी आपापली भर घातली. उत्तरेकडचा मोठा दिवाणखाना सर्वांत जुना, अंदाजे १५०४ ते १५०८ चा. तेव्हा तो जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळा होता. १५५९ मध्ये दुसऱ्या विल्यम मॉर्टनने त्यात मधला मजला घातला (तो पुढे काढून टाकला) आणि आतल्या अंगणाकडे भिंतीबाहेर आलेल्या दोन पंचकोनी, दुमजली खिडक्या बांधल्या. दोन्ही इतक्या खेटून आहेत की वर त्यांची छपरं एकमेकांना भिडली आहेत. त्यावर विल्यमचं नाव आणि साल कोरलंय, आणि शेजारी 'रिचर्ड डेल, सुतार, याने देवाच्या कृपेने या खिडक्या केल्या' अशा अर्थाची ओळ आहे. त्या काळच्या सुताराचं नाव असं भिंतीवर टिकलेलं क्वचित सापडतं, म्हणून अंगणात शिरताच आधी तिथेच उभे राहा.

प्रवेशद्वार असलेली दक्षिणेची बाजू १५६० नंतरची. तुम्ही फोटोंत जे लवंडलेलं पाहिलंत ते हेच. शेवटची किरकोळ भर साधारण १६१० पर्यंत पडली.

घराण्याकडे पैसा आला जमिनीतून. १३४८ च्या प्लेगनंतर स्वस्तात मिळालेली शेतं, आणि १५३० च्या दशकात मठ बरखास्त झाल्यावर विकायला निघालेली जमीन. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवी युद्धात ते राजाच्या बाजूने राहिले आणि १६४३ मध्ये पार्लमेंटच्या सैन्याने घर ताब्यात घेतलं. त्यानंतर कर्ज झालं, मालक दुसरीकडे राहू लागले आणि घर कुळांना भाड्याने गेलं. १८४७ च्या सुमारास तर प्रार्थनागृहात कोळसा साठवत होते. एका अर्थी बरंच झालं. पैसा असता तर जॉर्जियन काळात (अठराव्या शतकात) कुणीतरी हे पाडून विटांची हवेली बांधली असती. १९३८ पासून घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

वाकस
वाकडेपणाबद्दल. मुख्य दोषी सर्वांत वरचा लांबलचक सज्जा, म्हणजे 'लाँग गॅलरी' (बाहेरचा सज्जा नव्हे, आतलं बंद लांब दालन). साधारण ६८ फूट लांब, दक्षिण बाजूच्या पूर्ण लांबीवर. मूळ आराखड्यात तो नव्हता, खालचं काम सुरू झाल्यावर सुचलेला. आता वजनाचं गणित बघा. छपरावर कौलं नाहीत, जाड ग्रिटस्टोनच्या (खरबरीत वालुकाश्माच्या) फरश्या आहेत. एवढं ओझं पेलणाऱ्या सज्ज्याच्या दोन्ही लांब भिंती जवळजवळ सलग खिडक्यांच्या आहेत. लाकडी सांगाड्याला ताठ ठेवतात ते तिरके धिरे, म्हणजे आधाराची लाकडं. सलग काच लावली की धिरे बसवायला जागाच उरत नाही. मग चौकट आयताची समांतरभुज होते. फोटोंतल्या खिडक्या तशाच दिसतात.

दुसरं कारण कैच्यांचं, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटींचं. सज्ज्यातून वर बघितलंत की कमानदार धिरे असलेल्या कैच्या दिसतील. अशा कैचीला भिंतीच्या डोक्याशी दोन्ही बाजू बांधून ठेवणारी आडवी तुळई मुळात नसते. तुळई घातली तर खालून चालताना डोक्याशी येते आणि कमानीची शोभाही जाते. पण ती नसली की छपराचं वजन भिंतींना बाहेर ढकलत राहतं. इथे नेमकं तेच झालं. आज ज्या आडव्या तुळया दिसतात त्या नंतरच्या, बहुधा सतराव्या शतकातल्या, भिंती फाकू नयेत म्हणून घातलेल्या. त्यांचे सांधे कैच्यांच्या सांध्यांशी ताडून बघा. कोरीव काम मध्येच तुटलेलं दिसलं की ती तुळई मागाहून आली हे उघड आहे. सज्ज्याला आतून पोलादी सळ्यांचाही आधार दिलेला आहे, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुरुस्तीतला असावा.

कारवी
पण हे सगळं ओल्या ओकमुळे होतं असं वाचलं होतं. लाकूड न वाळवता वापरायचे, म्हणून घर पिळवटलं. ते चूक का?

वाकस
अर्धं बरोबर. ओक ओलाच वापरत, कारण वाळलेल्या ओकवर वाकस आणि पटाशी चालवणं म्हणजे हात मोडून घेणं. जाड तुळई पूर्ण वाळायला काही दशकं जातात, तेवढं कोण थांबणार? वाळताना ओक लांबीला जवळपास आटत नाही, आडवा आटतो. वर्षवलयांच्या दिशेने जेवढा आटतो तेवढा गाभ्याकडून सालीकडे आटत नाही, साधारण निम्माच. त्यामुळे खांब थोडा पिळतो, अंगावर उभ्या भेगा पडतात, सांध्यात बारीक फट येते. भेगा बघून घाबरू नका, त्या ताकदीला फारशा बाधत नाहीत. पण आख्खा मजला एका अंगाला झुकणं हे आटण्याचं काम नव्हे. तो भाराचा आणि धिऱ्यांच्या अभावाचा परिणाम.

आणि पडत का नाही, तर सांध्यांमुळे. सगळे साल-कुसवाचे सांधे (साल म्हणजे खाच, कुसू म्हणजे तीत बसणारं टोक), लाकडी खुंट्यांनी आवळलेले. कुसवातलं भोक सालीतल्या भोकाच्या सरळ रेषेत पाडत नाहीत. खांद्याच्या, म्हणजे कुसवाच्या मुळाच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर सरकवून पाडतात. वाळलेल्या ओकची निमुळती खुंटी ठोकली की ती कुसू आत ओढून घेते. तुळई वाळून आटली तरी खुंटी ताण धरून असते. अंतर जास्त ठेवलं तर मात्र कुसवाचं टोक फुटतं किंवा खुंटी आतल्या आत मोडते. सांधा चांगला असेल तर सांगाडा झुकतो, सांधे किंचित फिरतात आणि भार नव्या वाटेने खाली जातो. दगडी भिंतीला हे जमत नाही, तिला सरळ तडा जातो.

तिथे खांब-तुळयांवर रोमन आकड्यांसारख्या रेघा कोरलेल्या दिसतील. सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवून, प्रत्येक सांध्याला जोडीचा आकडा देऊन, मग सुटा करून उभारत. चार म्हणजे चार उभ्या रेघा, कारण उलटसुलट धरल्यावर गोंधळ व्हायला नको.

मुरवलेला_चुना
काळ्या-पांढऱ्याचं माझ्याकडून. तो थाट बराचसा व्हिक्टोरियन काळातला (एकोणिसाव्या शतकातला). त्याआधी ओक बहुधा तसाच सोडलेला, ऊन-पावसाने रुपेरी करडा झालेला असे. मधल्या चौकटी चुन्याच्या, पिवळसर मातकट रंगाच्या. पुढे चेशरभर डांबर आणि काळा रंग फासायची टूम निघाली. दोन्ही रंग आज लोकांना इतके आवडतात की खरा करडा ओक दाखवला तर 'रंग उडालाय' म्हणतात.

चौकटींत मुळात कूड भरत. कोकणात कारव्यांचा कूड करतात तीच पद्धत: ओकच्या उभ्या कामट्या वरच्या तुळईतल्या भोकांत आणि खालच्या खाचेत अडकवायच्या, त्यांत हेझल या झुडपाच्या लवचीक काटक्या विणायच्या, दोन्ही बाजूंनी माती-शेण-पेंढ्याचा लेप, वर चुन्याचा गिलावा.

विसाव्या शतकात इंग्लंडभर अशा घरांत बिघडलं ते इथेच. पडलेला कूड काढून सिमेंटचा गिलावा भरला. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आटतं, सिमेंट हलत नाही, म्हणून कडेला केसाएवढी फट पडते. पाऊस फटीतून आत जातो, पण सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही. पाणी खाली उतरून जोत्यावरच्या आडव्या तुळईत मुरतं आणि सर्वांत आधी तीच कुजते. बाहेरून रंगाचा जाड थर असेल तर आत लाकडाचा भुगा झालेला कळतही नाही. बोथट स्क्रूड्रायव्हर दाबून बघतात, सहज आत गेला तर ती तुळई गेली.

दुरुस्तीसाठी १ भाग मुरवलेला चुना, ३ भाग खरबरीत वाळू, आणि आतल्या थरांत शेळीचे केस. एकेक थर ८ ते १० मिलिमीटर. उन्हात वाळू दिला तर भेगाळतो, म्हणून वर ओलं गोणपाट. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर हात लावायचा नाही. गोठलं की चुना पापुद्र्यांनी सुटतो. कुजलेला भाग कापून तेवढाच नवा ओक सांधतात, आख्खी तुळई बदलत नाहीत. आणि साधे लोखंडी खिळे कधीच नाहीत. ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याने लोखंड गंजतं आणि लाकूड निळं-काळं पडतं, म्हणून स्टेनलेस किंवा ब्राँझ.

खंदकाकाठी
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोनच शंका. वाळवी लागत नाही का? आणि बांधकामाची ही वर्षं इतकी नेमकी कशी काढतात?

आढं_वासे
वाळवीचा प्रश्न तिथे नाही. शत्रू म्हणजे डेथवॉच भुंगेरा. ओलसर, आधीच बुरशी लागलेल्या ओकमध्ये त्याच्या अळ्या वर्षानुवर्षं पोखरत राहतात. बाहेर पडायचं भोक साधारण ३ मिलिमीटरचं. एप्रिल ते जूनमध्ये भोकाखाली ताजा फिकट भुगा दिसला तर कीड जिवंत आहे. नुसत्या जुन्या भोकांवरून फवारणी करणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी गळती बंद करून लाकूड वाळू द्यायचं.

इथल्या १५५९ ला तर सुताराची सहीच आहे. जिथे असं काही लिहिलेलं नसतं तिथे पेन्सिलीएवढी गाभ्याची सळई काढून वर्षवलयं मोजतात. झाडाची साल किंवा तिच्या लगतचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड तोडल्याचं नेमकं वर्ष मिळतं, आणि ओक ओलाच वापरत असल्याने बांधकाम त्यानंतर लगेचचं. ते वलय तासून गेलं असेल तर फक्त अंदाज. इंग्लंडमधल्या ओकला बाहेरचं कच्चं लाकूड साधारण ९ ते ४१ वलयांचं धरतात, म्हणजे उत्तरही तेवढंच सैल.

कारवी
जाताय तर सज्ज्याच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींवरचं गिलाव्याचं शिल्प चुकवू नका. एकीकडे भाग्यदेवता, तिचं चाक अज्ञानाच्या हाती. दुसरीकडे नियती, तिची सूत्रं ज्ञानाच्या हाती. दोन्ही चित्रं रॉबर्ट रेकॉर्डच्या १५५६ च्या खगोलशास्त्राच्या पुस्तकातून घेतलेली. पुढच्याच वर्षी गणितात बरोबरचं चिन्ह ज्याने आणलं तोच हा रेकॉर्ड.

वाकस
बाहेर पडल्यावर पुलावरून दक्षिण बाजूकडे बघा. पुढे आलेल्या भागात खंदकावर थेट उघडणारे शौचकूप आहेत. खंदक १० मीटर रुंद, पण लढाईसाठी नव्हे, रुबाबासाठी. घर काँगलटनच्या नैर्ऋत्येला साडेचार मैलांवर, ए-३४ रस्त्यालगत आहे. वर्षभर रोज उघडं नसतं आणि सज्ज्यात एकावेळी मोजकीच माणसं सोडतात, तेव्हा वेळा ट्रस्टच्या संकेतस्थळावर बघूनच निघा. दुर्बीण घ्या. छपराच्या फरश्या वळचणीपाशी मोठ्या आणि वर आढ्याकडे लहान होत जातात का, ते खालून नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही.